रिकाम्या चौकटीत शून्य भरण्याआधी : पुण्याची गुन्हे आकडेवारी वाचणाऱ्या नवख्यांसाठी

सरकारी मराठीत ‘निरंक’ हा फार कामाचा शब्द आहे. पोलीस ठाण्याच्या मासिक तक्त्यात ‘दरोडा : निरंक’ असं असेल, तर कुणीतरी रजिस्टर उघडून पाहिलंय, त्या महिन्यात दरोड्याचा एकही गुन्हा दाखल नव्हता, आणि तसं लिहून खाली सही झालीय. शेजारची चौकट नुसतीच मोकळी असेल, तर तिच्याबद्दल यातलं काहीच म्हणता येत नाही. नवखा माणूस या दोन्ही चौकटी सारख्याच धरतो आणि तिथेच फसतो.

मीही फसलो होतो. पुणे शहराचे ठाणेनिहाय आकडे पहिल्यांदा हाती आले, तेव्हा एक्सेलमधल्या सगळ्या रिकाम्या चौकटी निवडल्या, शून्य टाइप करून सगळीकडे भरलं आणि ऐटीत आलेख काढला. हिंजवडीची रेघ ऑगस्ट २०१८नंतर जी जमिनीला टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवला, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “अरे वा, हिंजवडीत रामराज्य आलं म्हणायचं. आम्हाला कुणी कळवलं नाही ते!” १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि हिंजवडी ठाणं तिकडे गेलं. मी मात्र पुणे शहराच्याच तक्त्यात ते शोधत बसलो होतो.

पत्रकारितेचे विद्यार्थी, संस्थांमधून काम करणारी मंडळी, आपल्या प्रभागाचे आकडे काढू पाहणारे नागरिक यांच्यासाठी हे लिहितोय. एक्सेल जुजबी येत असेल तरी पुरे.

पहिल्यांदा : आकडा कुठून चालत आला?

फिर्याद दाखल झाली की तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. नोंद सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत जाते. ठाण्याचा मासिक गोषवारा आयुक्तालयात किंवा जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात, तिथून राज्याच्या सीआयडीकडे आणि पुढे दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे. सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच पाषाण रस्त्यावर आहे. एनसीआरबीची स्थापना १९८६ची, पण ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३पासूनचा आहे. या वाटेवर प्रत्येक मुक्कामी काहीतरी सांडतं.

सर्वांत जास्त सांडतं ते अगदी पहिल्याच मुक्कामी. पीएमपीच्या गर्दीत मोबाईल गेला. माणूस ठाण्यात जातो किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘गहाळ’ अशी नोंद करतो, कारण त्याला नवं सिम घ्यायला तेवढा कागद पुरतो. ती चोरी गुन्ह्यांच्या तक्त्यात कधीच येणार नाही. अदखलपात्र तक्रारींचं रजिस्टर वेगळं, अकस्मात मृत्यूंचं वेगळं. शिवाय एनसीआरबीचा ‘मुख्य गुन्हा’ नियम आहे: एकाच एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही असतील, तर मोजणी एकदाच, जास्त शिक्षेच्या गुन्ह्याखाली, म्हणजे खुनात. म्हणून बलात्काराच्या रकान्यातला आकडा पुरा नसतो आणि तिथे चौकट रिकामी नसल्यामुळे तसा संशयही येत नाही.

फिर्यादच न झालेल्या घटना तर आणखी दूर. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितल्याचं दिसलं, आणि त्या मदतीतही बव्हंशी माहेरचे, सासरचे, शेजारचे. पोलिसांचा नंबर फार खाली. ही गळती एक्सेलमध्ये कुठल्याही सूत्राने भरून निघत नाही. ‘गुन्हे’ न लिहिता ‘दाखल गुन्हे’ लिहायची सवय लावून घ्या, एवढं आपल्या हातात आहे.

फाईल उघडल्यावर लगेच

मूळ फाईलची प्रत काढा आणि मूळ फाईलला पुन्हा हात लावू नका. ती कधी, कुठून मिळाली ती तारीख नावातच घाला.

मग अंक तपासा. आपल्याकडे तक्ते बहुतेक स्कॅन केलेले असतात. पुसट छायाप्रतीत १ आणि ९ यांची हमखास अदलाबदल होते. देवनागरी अंक एक्सेलमध्ये चिकटवले की ते अनेकदा अंक न राहता मजकूर होतात, आणि बेरीज त्यांना निमूट वगळते. जुन्या फाँटमधली फाईल असेल तर ठाण्यांच्या नावांची जी खिचडी होते ती सांगायला नको. ठाण्यांची बेरीज छापील ‘एकूण’शी जुळते का, हे प्रत्येक रकान्यात पाहा. न जुळण्याला दर वेळी तुमचीच चूक कारण नसते, पण सुरुवात स्वतःपासून करावी.

दोन तक्ते जोडताना खोट्या रिकाम्या चौकटी तयार होतात. एका तक्त्यात ‘विमानतळ’, दुसऱ्यात ‘एअरपोर्ट’. कुठे ‘हिंजवडी’, कुठे ‘हिंजेवाडी’. ‘चतुःशृंगी’ तर मी चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. प्रत्येक ठाण्याला स्वतःचा एक क्रमांक द्या आणि जोडणी नावाने नको, त्या क्रमांकाने करा.

प्रत्येक रिकाम्या चौकटीला कारण द्या

सगळ्या कामात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. आकड्यांच्या तक्त्याशेजारी तेवढ्याच आकाराचा दुसरा तक्ता करा आणि त्यात आकड्याऐवजी कारणाचं अक्षर टाका. मी वापरतो ती अक्षरं अशी: ‘नि’ म्हणजे निरंक, खरोखरचं शून्य. ‘ला’ म्हणजे लागू नाही. ते ठाणं किंवा ते कलम तेव्हा नव्हतंच. ‘न’ म्हणजे आकडा असणार, पण मिळाला नाही. ‘पु’ म्हणजे छापलाय पण पुसट आहे. ‘गो’ म्हणजे मुद्दाम झाकलेला.

‘गो’ कडे नीट बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकाव्या लागतात, पण लैंगिक गुन्हे, पोक्सोखालचे गुन्हे, दहशतवादाशी संबंधित प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे संकेतस्थळावरच्या एफआयआर उतरवून मोजणाऱ्याच्या हाती चोऱ्या-अपघात भरपूर लागतात आणि स्त्रिया-मुलांवरचे गुन्हे जवळजवळ दिसतच नाहीत. गळती अशी एका बाजूने झुकलेली असेल, तर उरलेल्यांची सरासरी काढून भोकं बुजवणं म्हणजे चूक पक्की करणं.

‘नि’ आणि ‘न’ यांत शंका आली तर साधी कसोटी आहे. त्याच ठाण्याच्या त्याच महिन्याच्या बाकीच्या ओळी भरलेल्या आहेत का? भरलेल्या असतील आणि दरोड्यासारख्या विरळा गुन्ह्याचीच चौकट मोकळी असेल, तर बहुधा निरंक. अख्खा महिनाच मोकळा असेल, तर कागद आलेला नाही. शहरी ठाण्यात वाहनचोरी सलग तीन महिने शून्य? पुण्यात? दुचाकीवाल्यांच्या या शहरात ते मी तरी मान्य करणार नाही.

नकाशा सरकतो, गुन्हा जागेवरच असतो

पुण्याच्या आकड्यांतली मोठी भोकं कागद हरवल्याने पडलेली नाहीत. हद्दी बदलल्याने पडली आहेत. एका वाघोलीचीच गोष्ट घ्या.

वाघोली पूर्वी लोणीकंद ठाण्यात आणि लोणीकंद पुणे ग्रामीण पोलिसांकडे. २०२१मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही दोन्ही ठाणी पुणे शहर आयुक्तालयात आली. त्याच वर्षी वाघोली महापालिकेतही आली. पुढे २०२४मध्ये शहराला सात नवी ठाणी मिळाली (आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ) आणि वाघोलीला स्वतःचं ठाणं झालं. आता वाघोलीत राहणारी एखादी बाई दारासमोरून गेलेल्या दुचाकीची फिर्याद द्यायला गेली, तर तीच गल्ली, तोच पार्किंगचा कोपरा, पण सालानुसार तिची फिर्याद तीन वेगळ्या खात्यांत पडणार. वाघोली ठाण्याच्या ओळीत २०२३ रिकामं दिसतं ते ‘ला’. लोणीकंदची ओळ २०२४नंतर खाली येते ती पोलिसांच्या कर्तबगारीमुळे असेलच असं नाही. आणि पुणे शहराचा आकडा २०२१मध्ये वर गेला, तर त्यात दोन ठाणी आयती आलेली आहेत.

यावर उपाय म्हणजे गट करणे. चतुःशृंगी आणि बाणेर एकत्र, भारती विद्यापीठ आणि आंबेगाव एकत्र, लोणीकंद आणि वाघोली एकत्र, म्हणजे फुटण्याआधीचा आकडा आणि नंतरची बेरीज ताडून पाहता येते. ज्या नव्या ठाण्याची हद्द दोन-तीन जुन्या ठाण्यांतून कापली गेली, तिथे गट मोठा करावा लागतो आणि बारकावा जातो. जाऊ द्या. परिमंडळनिहाय बेरजाही याच कारणाने घसरतात, त्या स्वतः ठाण्यांवरून पुन्हा करा.

शहराची लांब पल्ल्याची मालिका हवी असेल, तर पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण यांची मिळून बेरीज घ्या. २०१८ची फाळणी तिच्या पोटातच मिटते, कारण पिंपरी-चिंचवडला ठाणी गेली ती शहर आणि ग्रामीण या दोघांतूनच. ऑगस्ट २०१८चा महिना मात्र सांभाळा: पहिले चौदा दिवस एकीकडे, उरलेले दुसरीकडे. शिवाय पुणे स्टेशनच्या फलाटावर चोरीला गेलेली बॅग बंडगार्डन ठाण्याच्या खात्यात येत नाही, ती लोहमार्ग पोलिसांकडे जाते. पुणे लोहमार्गाची हद्द जिल्ह्याबाहेरही पसरलेली आहे, म्हणून ती सरसकट मिळवूही नका.

कलमंही बदलतात

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवशी पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, म्हणजे गर्दीतल्या चोऱ्यांचा ऐन हंगाम. खून ३०२वरून १०३वर गेला, खुनाचा प्रयत्न ३०७वरून १०९वर, चोरी ३७९वरून ३०३वर, फसवणूक ४२०वरून ३१८वर. कलम लागतं ते गुन्हा घडल्याच्या तारखेनुसार. ३० जूनला पाकीट गेलं आणि फिर्याद ५ जुलैला झाली, तर कलम जुनंच. त्यामुळे जुन्या कलमांच्या ओळी जुलैनंतरही धुगधुगत राहतात. २०२४साठी दोन्ही ओळींची बेरीज करावी लागते. फक्त जुनी ओळ घेतलीत तर अर्धं वर्ष गायब, आणि चौकट रिकामी नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

काही ठिकाणी एकास एक जोडी लागतच नाही. सोनसाखळी हिसकावणं पूर्वी बहुतेक जबरी चोरीत किंवा चोरीत मोजलं जाई. नव्या संहितेत हिसकावण्याला स्वतःचं कलम ३०४ आहे. जबरी चोरी कमी झाली असं म्हणण्याआधी ३०४ची ओळ शोधा. (जुन्या संहितेत ३०४ हे सदोष मनुष्यवधाचं कलम होतं. नुसत्या आकड्यावरून शोधाल तर हसं होईल.) तसंच पाठलाग करण्याचं ३५४-ड हे कलम २०१३मध्ये आलं. त्याआधीची वर्षं ‘ला’, शून्य नव्हे.

उलटही घडतं. बेपत्ता अल्पवयीन मुलाची तक्रार अपहरण म्हणूनच दाखल करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये सांगितलं. तोवर यातली कितीतरी मुलं फक्त ‘मिसिंग’च्या रजिस्टरात होती. आलेखातली ती उडी बघून नंतरच्या वर्षांना दोष देतात. अपुरी होती ती आधीची वर्षं.

भरण्याआधी शोधा

‘न’ लिहिलेल्या चौकटींपैकी बऱ्याच चौकटी थोड्या खटपटीने भरता येतात. पोलिसांचे तक्ते तुलनात्मक असतात: या वर्षीच्या महिन्याशेजारी गेल्या वर्षीचा तोच महिना. मार्च २०२२चा कागद नसेल, तर मार्च २०२३च्या कागदातला दुसरा रकाना बघा. महिन्यांच्या तक्त्यात ‘माहेअखेर’ असा चढत्या बेरजेचा रकाना असेल, तर मेअखेरमधून मार्चअखेर वजा केली की एप्रिल आणि मेची बेरीज हाती येते. एकच महिना गहाळ असेल तर काम झालंच.

नाहीतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. न आल्यास पहिलं अपील, शुल्क वीस रुपये. ‘पुण्यातल्या गुन्हेगारीची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ठाण्यांची नावं, महिने आणि गुन्ह्याचे प्रकार लिहा. ‘आपल्याकडे उपलब्ध असलेल्या एक्सेल स्वरूपात’ हे शब्द घाला. आणि एक वाक्य मी नेहमी टाकतो: ‘ज्या महिन्यात एकही गुन्हा दाखल नसेल तिथे कृपया निरंक असे नमूद करावे.’ या एका वाक्याने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

आकडा पिकायला वेळ लागतो

कोयत्याने वार झालेला तरुण ससूनमध्ये दाखल होतो, तेव्हा गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा असतो. अकराव्या दिवशी तो दगावतो आणि कलमवाढ होऊन तो खून होतो. अकस्मात मृत्यूची नोंद शवविच्छेदनानंतर खुनात बदलू शकते. तपासाअंती ‘ब’ समरी (समरी म्हणजे तपास बंद करताना पोलिसांनी न्यायालयाला दिलेला अहवाल) झाली, तर फिर्याद खोटी ठरते. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. म्हणून एकाच महिन्याचे जानेवारीत आणि वर्षअखेरीस मागवलेले आकडे वेगळे येतात. यात कुणी लपवाछपवी केलीय असं लगेच समजू नका. दोन्ही ठेवा, दोन्हींच्या तारखा ठेवा, आणि तुलना करताना सारख्याच वयाचे, म्हणजे महिना संपल्यावर तेवढ्याच काळाने मागवलेले, आकडे घ्या.

भरायचंच असेल तर

इतकं करूनही ‘न’ उरलेच, तर अंदाज करावा लागतो. मोठमोठ्या संस्थाही करतात. २०१९च्या ‘क्राइम इन इंडिया’त पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्याने २०१८चेच आकडे पुन्हा वापरले गेले, आणि तशी टीप दिली गेली. टीप न वाचणाऱ्याला मात्र वाटणार, बंगालमध्ये वर्षभरात काहीच हललं नाही. अमेरिकेत एफबीआयची जुनी रीत अशी होती की तीन किंवा जास्त महिने आकडे देणाऱ्या पोलीस विभागाचं वर्ष त्याच महिन्यांच्या सरासरीने पूर्ण करायचं, आणि त्याहून कमी दिले असतील तर तशाच विभागांवरून अंदाज बांधायचा. २०२१मध्ये नोंदणीची पद्धत बदलली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचे पोलीसच यादीतून गळाले होते. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही.

पुण्यात ही सरासरीची रीत कुठे अडते ते पाहू. आकडे कल्पित आहेत. समजा एका पेठेतल्या ठाण्याचे नऊ महिन्यांचे चोरीचे ७२ गुन्हे मिळाले, तीन महिने नाहीत. महिन्याला ८, म्हणून वर्षाचे ९६. पण गहाळ महिन्यांत गणेशोत्सव असेल तर? लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत खिसे किती हलके होतात, हे त्या ठाण्याच्या अंमलदाराला विचारा. मग गेल्या वर्षीचा तोच महिना घ्यावा, तर सण तिथीने येतो. २०२३मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे त्या वर्षीचा उत्सव दोन महिन्यांत विभागला गेला. पालख्यांचंही तेच. म्हणून आधीच्या वर्षांतून महिना नव्हे, तर सणाचे दिवस जुळवून घ्या.

आणि एक आकडा देण्यापेक्षा दोन टोकं द्या. त्याच ठाण्यात गेल्या काही वर्षांत सर्वांत शांत महिना ४ गुन्ह्यांचा आणि सर्वांत वाईट १९ चा असेल, तर तीन महिन्यांसाठी किमान १२ आणि कमाल ५७ धरा. वर्षाचा आकडा ८४ ते १२९ यांच्या दरम्यान. हे ९६ इतकं नेटकं दिसत नाही, मान्य. पण गेल्या वर्षी ११० गुन्हे असतील, तर ‘चोऱ्या घटल्या’ असं म्हणायला तुमच्याकडे आधार नाही, हे त्यावरून चटकन कळतं.

२०२०चं वर्ष आधाराला कधीच घेऊ नका. टाळेबंदीत रस्त्यावरच्या चोऱ्या घटल्या आणि आदेशभंगाच्या कलम १८८खाली देशभरात २०१९ला असलेले २९,४६९ गुन्हे २०२०ला ६,१२,१७९ झाले. त्या वर्षीचं ‘एकूण’ काय सांगतं, देव जाणे.

दर काढायचा असेल तर भागाकारातही भोक आहे. २०२१ची जनगणना झालेली नाही. एनसीआरबी महानगरांचे दर २०११च्या लोकसंख्येवर काढते, आणि पुण्यासाठी धरलेली ५०.५ लाख ही पिंपरी-चिंचवडसह नागरी समूहाची लोकसंख्या आहे. त्या वेळी पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. वर कुठल्या आयुक्तालयाचे गुन्हे आहेत हे पाहिल्याशिवाय खालच्या लोकसंख्येला हात लावू नका. ठाणेनिहाय दर तर काढूच नका, ठाण्याच्या हद्दी प्रभागांशी जुळत नाहीत.

शेवटचं काम : तक्त्याखालची टीप

अंदाजाने भरलेली चौकट वेगळ्या रंगात ठेवा, आणि छापताना रंग जाणार असेल तर तारांकित करा. मग टीप लिहा. मी लिहितो ती साधारण अशी असते, हवी तर उचला:

‘आकडे दाखल गुन्ह्यांचे. माहिती अधिकारातून मिळालेल्या मासिक गोषवाऱ्यांवरून. माहिती मिळाल्याची तारीख फाईलच्या नावात. लोणीकंद व वाघोली एकत्र धरले आहेत. लोणीकंदचे २०२१पूर्वीचे आकडे पुणे ग्रामीणचे. २०२४साठी जुन्या व नव्या संहितेतील कलमांची बेरीज. एकूण चौकटींपैकी किती निरंक, किती लागू नाहीत व किती मिळाल्या नाहीत, हे शेजारच्या तक्त्यात. तारांकित चौकटी अंदाजाच्या असून किमान व कमाल दोन्ही दिले आहेत. पुसट चौकटी दोघांनी स्वतंत्रपणे वाचल्या. जिथे वाचन जुळले नाही तिथे चौकट रिकामी ठेवली आहे.’